कादरभाऊ गप्प राहतात

सिनेमा कुठल्याही देशाचा असो, पडद्यावर चार माणसं दिसली की कादरभाऊ शेजारच्याला कोपर मारून विचारतात, "हे कोणाकडचे?"

पहिल्यांदा मी गांगरलेच. सिनेमाच्या रसग्रहणाचा तास चालू होता. पडद्यावर बर्फात दोन शिपाई एकमेकांवर बंदुका रोखून उभे होते आणि मॅडम त्यातल्या प्रकाशयोजनेबद्दल सांगत होत्या. "कोणाकडचे म्हणजे?" मी कुजबुजले.

"नवरीकडचे का नवरदेवाकडचे? तेवढं समजलं ना बेटा, का मंग कॅमेरा कुठी लावाचा ते समजते."

कादरभाऊ चंद्रपुरातले लग्नाचे शूटिंगवाले. जुन्या तटबंदीच्या, म्हणजे परकोटाच्या आत त्यांचं छोटंसं दुकान आहे आणि अर्ध्या गावाची लग्नं त्यांच्याच कॅमेऱ्यातून गेली आहेत. आता लोक मोबाइलवरच भागवतात, पैसेवाले नागपूरहून ड्रोन आणतात. दुसरा एखादा कपाळाला हात लावून बसला असता. यांनी पन्नाशी उलटल्यावर सरळ आमच्या कॉलेजात येऊन फिल्म आणि व्हिडिओ निर्मितीच्या पदविकेला नाव घातलं. "कॅमेरा तर मी झोपेत बी चालवतो," ते म्हणतात, "पण सिनेमा कशाले म्हणते ते कोणी सांगतलंच नव्हतं. आता शिकून राह्यलो."

इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन आणि पहिला बाक. नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून ते सगळ्यांना गावाच्या नावानं हाक मारतात. मी रोज बसनं वरोऱ्याहून येते, म्हणून मी 'वरोरा'. मॅडम पुण्याच्या. पण त्यांना 'पुणे' म्हणायची हिंमत अजून कादरभाऊंना झालेली नाही.

जगातल्या थोर सिनेमांवर त्यांची एकच तक्रार असते. दिवे लागले, मॅडमनी मतं विचारली, की पहिला हात यांचा. "बाकी एक नंबर आहे मॅडम, पण पंगत नाई घेतली." एका गाजलेल्या शोकांतिकेवर परीक्षेत त्यांनी लिहिलं होतं, 'दिग्दर्शकाने मुलीच्या मामाकडे पूर्ण दुर्लक्ष केले आहे.' मॅडमनी त्याला चक्क अर्धा गुण दिला. मामाकडे खरंच दुर्लक्ष झालं होतं.

त्यांचा खरा आजार मात्र वेगळाच. समोरचा माणूस आहे तसा त्यांना बघवत नाही. लगेच सूचना सुरू होतात. "मान खाली, नजर वर. काकाजी, हात डोक्यावर ठेवा. हां, पुन्हा एकदा!" एका बिदाईत नवरी आईच्या गळ्यात पडून हमसून रडत होती आणि हे ओरडले, "थांबा, रडू नका, बॅटरी बदलून राह्यलो!" सगळं घर डोळे पुसून ताटकळत उभं राहिलं आणि यांनी खूण केल्यावर पुन्हा रडलं. हा किस्सा ते स्वतःच सांगतात, तोही कॉलर ताठ करून.

कॉलेजात हे कसं चालावं? माहितीपटाच्या दोन सरावांत त्यांना शून्य मिळालं, कारण दोन्हींत माणसांपेक्षा यांचाच आवाज जास्त होता. शेवटच्या प्रकल्पाला मॅडमनी अट घातली : एक माणूस, त्याचं रोजचं काम, न थांबता पाच मिनिटांचा एकच शॉट. सूचना द्यायच्या नाहीत. आवाज आला तर नापास. जोडीदार म्हणून त्यांच्याबरोबर नाव निघालं माझं!

"वरोरा," ते बसस्टँडवर म्हणाले, "यावेळी बी नाई जमलं तर कॅमेरा विकून टाकतो. मंग समजू का आपल्याले फक्त लग्नच येते."

हे ते हसत म्हणाले नाहीत.

आम्ही जंगलाला लागून असलेल्या मोहर्लीला, मोहफुलं वेचणाऱ्या शेवंताबाईंकडे गेलो. सफारीच्या जिप्सी धुरळा उडवत जातात त्या रस्त्यालगत त्यांचं घर आहे. मोहाचे दिवस होते. पहाटे वेचून आणलेली फुलं त्या अंगणात वाळत घालतात, तेच आम्हाला टिपायचं होतं. मी पाणी प्यायला आत गेले आणि बाहेर येऊन बघते तर शेवंताबाई लेकीच्या लग्नातलं लुगडं नेसून, केस विंचरून, टोपली छातीशी धरून उभ्या! आणि कादरभाऊ सांगतायत, "बाई, जरा हसा. टोपली डाव्या बाजूनं."

"मी मोहा वाळवू का फोटो काढू?" शेवंताबाई कडाडल्या. "ऊन चढून राह्यलं नं भाऊ!"

त्या रागानं लुगडं बदलायला गेल्या. मी कादरभाऊंच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. "गुळणी भरा. शॉट संपेपर्यंत गिळायची नाही आणि थुंकायचीही नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची लेन्सच मागितली. पण भरली.

शॉट सुरू झाला. शेवंताबाई रोजच्या लुगड्यात वाकून फुलं पसरू लागल्या. तेवढ्यात शेजारची बकरी थेट वाळवणावर आली. लग्नात असं झालं असतं तर यांनी वऱ्हाडालाच कामाला लावलं असतं. इथे नुसते डोळे बाहेर आले आणि गाल भोपळ्यासारखे टम्म फुगले. बाईंनी बकरीला हाकललं. ती पुन्हा आली. त्यांनी पुन्हा हाकललं. मग दमून उंबऱ्यावर बसल्या, पायातला काटा काढला, जरा वेळ जंगलाकडे बघत राहिल्या आणि मूठभर फुलं स्वतःच बकरीपुढे टाकली. कादरभाऊंच्या हनुवटीवरून पाण्याचा ओघळ चालला होता. कॅमेरा तसूभर हलला नाही. मला त्या माणसाचा असा अभिमान वाटला की माझेच डोळे भरून आले.

प्रकल्प हॉलमध्ये दाखवले गेले. आमच्या वर्गाला मोबाइल खाली ठेवणं म्हणजे शिक्षा वाटते, पण शेवंताबाई आल्या आणि हॉल गप्प झाला. मध्येच मॅडम पुटपुटल्या, "हा गुडगुड आवाज कसला?" "बकरीचा, मॅडम," मी म्हटलं. बकरी आली तेव्हा सगळे खळखळून हसले. मूठभर फुलं पडली आणि पुन्हा शांतता.

मी आनंदानं वळून बघितलं, तर कादरभाऊंची खुर्ची रिकामी! ते पुढे पडद्याच्या कडेला भिंतीला टेकून उभे होते, पडद्याकडे पाठ करून. स्वतःचा सिनेमा त्यांनी पाहिलाच नाही. ते आमच्याकडे बघत होते, एकेका चेहऱ्याकडे.

दिवे लागले, टाळ्या झाल्या. मॅडम स्वतः उठून त्यांच्यापाशी गेल्या आणि पास झाल्याचं सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. गर्दी दाराकडे निघाल्यावर मी विचारलं, "भाऊ, तिकडं काऊन उभे होते?"

"कसं आहे बेटा," ते म्हणाले, "इतकी वर्षं लग्नं काढली, पण कॅसेट द्याची ते दारातूनच. दार लागलं का आपण सायकलवर. आतमधी लोक हसले का रडले, मले कधीच दिसलं नाई."

मग पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर ते उलटे बसले आणि हॉल रिकामा होईपर्यंत बाहेर पडणाऱ्यांकडे बघत राहिले. मीही वरोऱ्याची बस सोडली आणि त्यांच्याशेजारी बसले.