विमानाचा वारा फितूर जाहला त्याची हकीकत

श्रीअंबाबाईच्या पायी माथा ठेवून, ऐकिले ते गाळून आणि पाहिले ते राखून, ही हकीकत कागदी चढविली असे. वाचणारास हसू आल्यास हसावे, परंतु पान फाडू नये.

प्रथम, कोणास काय मिळावयाचे होते ते लिहितो. विमानधनी राजश्री अमरसिंह, मुक्काम करवीर, यांजपाशी हंसराणी नामें जुने शिकाऊ विमान, वय वर्षे साठ, आसने दोन, एकामागे एक. ते उडते राहिल्यास पाठच्या आसनी स्वतः बसोन मुरगुडावरून जावे, आणि तेथे बहिणीचे यजमान विजयसिंह यांचे गच्चीवरून ऐसे खाली जावे की वाळत घातलेल्या पापडांस वारा लागावा, इतका अमरसिंहांचा लाभ होता. न उडाल्यास तोटा याहून भारी. कारण की विजयसिंहांनी मुरगुडी मंगल कार्यालय बांधिले, आणि दारापुढे सिमेंटाचा चौथरा घातला, आणि तांबड्या रश्श्याच्या तिसऱ्या वाटीवर उभयतां सोयऱ्यांचा करार जाहला की, दसऱ्यानंतरच्या सरकारी तपासणीत विमान नापास जाहले तर ते चौथऱ्यावर चढवावे आणि नवरा-नवरीने त्याच्या पंखाखाली फोटो काढावे. करार जाहल्यापासोन विजयसिंहांचा रोज फोन येई.

“पावणं, चौथरा वाळला. नवरी कवा धाडताय?”

आता विमानाचा स्वभाव सांगणे आले. या जातीच्या विमानाचा प्राण म्हणजे दाबोन भरलेला वारा. इंजिन फिरविणे वाऱ्याने, चाके पोटात घेणे व सोडणे वाऱ्याने, ब्रेक धरणे तोही वाऱ्यानेच. पोटात लोखंडी टाकी, तीत नाकाजवळच्या तोंडातून वारा भरावा, काटा पन्नासावर यावा, आणि दुसरे दिवशी सकाळी पाहता तो जागचा हलू नये, हा जाबता. ऐसे असतां खंडेनवमी होऊन गेली आणि काटा बिघडला. सांजेस पन्नासावर निजावा, सकाळी अठरावर उठावा. वारा फितूर जाहला, कोणत्या वाटेने शत्रूस मिळाला ते कळेना.

तेव्हा कृष्णात मिस्त्री, राहणार नेसरी, चाकरी वर्षे एकतीस, कामाचे वहीत आजवर एकही लाल शेरा नाही, यांजवर मोहीम नामजद जाहली. हुकूम ऐसा की, चौथे दिवशी निरीक्षक संयोगिताबाई येणार, तत्पूर्वी वाऱ्याचा बंदोबस्त करावा, न जाहल्यास विमानासंगे मिस्त्रींनीही मुरगुडास जाऊन चौथऱ्याशेजारी उभे राहावे.

मग मिस्त्रींनी पहिला मोर्चा वारा भरणाऱ्या पंपावर लाविला. पंप उघडिला, पुर्जे उन्हात मांडिले, एकेकाची जबानी घेतली, आणि सर्व निर्दोष ठरोन पुन्हा जागी बैसविले. मग पाणी गाळावयाच्या भांड्याची चावी सोडिली, तो पावसाळ्याचे दोन वाट्या पाणी निघाले. त्याने मन हलके जाहले, काटा मात्र जैसा पडत होता तैसाच पडला. यांत एक दिवस खर्ची पडला.

दुसरे दिवशी धन्यांच्या चित्ती आले की नट सैल असतील, आणि सैल गोष्टीस करवीरात औषध एकच. म्हणोन तालमीतून दोन पैलवान मागविले, आणि त्यांचे हाती लोखंडी पाने देऊन हंसराणीचे सर्व सांधे आवळावे ऐसे फर्मान सुटले. मिस्त्रींनी अर्ज केला, “मालक, ही तांब्याची नळी हाय, मान न्हवं. आटा जपून, हलक्या हातानं फिरवावं लागतंय.” धन्यांनी अर्ज ऐकिला आणि बाजूस ठेविला. पैलवान भिडले. अकरावा नट फिरता फिरता तुटला, आणि आतील वारा ऐसा सुटला की थोरल्या पैलवानाचा अंगठा सोलवटला, चहाचे सात पेले आडवे जाहले, आणि काटा शून्यावर येऊन विसावला. पैलवान म्हणाला, “जनावर लाथाडतंय की ओ.” उभयतांस दूध पाजोन रवाना केले, आणि नवा नट चढविण्यात दिवस मावळला.

तिसरे दिवशी मिस्त्रींनी धन्यांस हात जोडोन हँगराबाहेर खुर्चीवर बैसविले आणि आपले जुने हत्यार काढिले. ते हत्यार म्हणजे वाटीभर साबणाचा फेस आणि दाढीचा ब्रश. जेथे वारा निसटतो तेथे बुडबुडा येतो, हा या शास्त्राचा मूळ मंत्र. चाकापासोन शेपटापर्यंत बेचाळीस सांध्यांस फेस लाविला, गुडघे टेकोन पाहिले, श्वास रोखोन पाहिले, आणि एकही बुडबुडा उठेना.

फेस न लाविलेली जागा एकच होती, नाकाजवळचे वारा भरावयाचे तोंड. त्यास खंडेनवमीचे हळद-कुंकू लाविलेले, वर झेंडूची माळ. पूजा पुसू नये, म्हणोन ब्रश तेथपर्यंत जाऊन तीन वेळां माघारी आला.

मग मिस्त्रींनी तजवीज केली की, मुलूख दोन भागांत तोडावा. मधला नळ बंद केला, दोन्ही बाजूंस काटे लाविले, आणि घटका दोन घटका बैसोन राहिले. चाकांकडील काटा ढळेना. तोंडाकडील काटा उतरणीवरच्या बैलगाडीसारखा निघाला. आता पळवाट उरली नाही. मिस्त्रींनी माळ उचलिली, डोळ्यांस लाविली, “चुकलं माकलं पदरात घे” म्हणाले, आणि तोंडास फेस लाविला. तो एक बुडबुडा उठिला. लाल.

तो लिंबाएवढा होऊन फुटला, मग दुसरा आला, तोही लाल. तोंड खोलिले, तो आत वाऱ्यास घेणारी व परत न सोडणारी जी रबराची झडप, तिजवर तेलात भिजलेले कुंकू गादीसारखे बसलेले. नवमीस कुंकू लागले, आणि पूजेनंतर वारा भरिला तेव्हा ते वाऱ्यासंगे आत शिरले, म्हणोन झडप पुरती मिटेना.

त्या समयी धन्यांच्या मातोश्री तानाबाई आईसाहेब जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या. कुंकू कोणी लाविले हे सर्वांस ठाऊक होते आणि सर्व पंख्याकडे पाहत होते. आईसाहेबच बोलल्या, “मीच लावलं. तोंड दिसलं म्हणून लावलं. कुंकू तोंडाला न्हाय लावायचं तर काय चाकाला?”

मिस्त्रींनी झडप पुसोन काढिली, पेटीतले नव्या जातीचे नव्हे, मूळ नंबराचेच रबर बैसविले, आणि काटा पन्नासावर नेऊन हँगरास कुलूप घातले. चौथे दिवशी सकाळी काटा पन्नासावरच.

संयोगिताबाईंची स्वारी अकरा वाजतां दाखल जाहली. त्यांनी इंजिन फिरवून पाहिले, ब्रेक दाबोन पाहिले, चाके वरखाली करविली, आणि कागद काढिला.

“काटा थांबला, हे पाहिलं. का पळत होता आणि कुणाच्या हातून, हे लिहून द्या. कारण सापडलं नाही, तो दोष मिटला असं मी धरत नाही.”

अमरसिंहांनी सुचविले की दैवयोगे ऐसे लिहावे. बाई म्हणाल्या, “मग दैवाची सही आणा.”

येथे मोहीम जिंकोनही हरावयाची वेळ आली. धन्यांस भय की, हा कागद विजयसिंहांस कळला तर ते दर लग्नात मंगलाष्टकांनंतर वाचितील. कृष्णात मिस्त्री खाली पाहत उभे राहिले. कारण की त्या तोंडावरील पितळी टोपण त्यांनीच पूजेसाठी चिंचेने घासले, आणि पान्यांसंगे ताम्हनात पूजेस मांडिले, आणि दोन दिवस तोंड उघडे राहिले. टोपण जागी असते तर कुंकू बाहेरच राहते. हे दुसरे कोणास ठाऊक नव्हते आणि मिस्त्रींनी न सांगितल्यास कधी कळणारही नव्हते. मग त्यांनी कामाची वही ओढिली, “टोपण माझ्या हातनं उघडं राहिलं” ऐसे लिहून खाली सही केली, आणि बाईंनी त्यापुढे लाल शेरा मारिला.

“आणि कुंकू?” बाईंनी पुसिले.

“आणा ती वही हिकडं,” आईसाहेब म्हणाल्या. “एकट्यानं का म्हणून सोसावं त्यानं. मी सही करतो. पण अम्या, मागल्या खुर्चीत मी बसणार.”

“आई, मुरगूडपतुर उडायचं हाय.”

“मग? लेक दिलीया तिथं. वाट ठावी हाय मला.”

धन्यांनी वहीकडे पाहिले, मातोश्रींकडे पाहिले, आणि तह मान्य केला. तानाबाई ही चार अक्षरे दोन ओळींच्या उंचीची उमटली, आणि हंसराणी पास जाहली.

पुढच्या आसनी बसणाऱ्या पगारी वैमानिकाने एकट्याने एक फेरी मारोन आणिली, आणि दुसरे उड्डाणास आईसाहेब पट्टा बांधोन निघाल्या. मुरगुडावर विमान खाली आले, पापड उडाले, आणि गच्चीवर धावत आलेले विजयसिंह आकाशी सासूबाई पाहोन नमस्कार करिते जाहले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. कोणी काय भरले त्याची अखेर बेरीज: विजयसिंह, चौथरा एक, रिकामा, व पापड अदमासे दीडशे. थोरला पैलवान, अंगठ्याची साल. कृष्णात मिस्त्री, लाल शेरा एक, एकतीस वर्षांतला पहिला. राजश्री अमरसिंह, पाठचे आसन; आणि विमान मुरगुडाहून परत येईतो पाऊण तास मातोश्रींच्या चपला हाती धरोन माळावर उन्हात उभे राहणे.