भाकरीचं पाणी

आमच्या घरात काल काय शिजलं हे एखाद्या वेळी मला आठवत नाही, पण कडुबा मामांना बरोबर आठवतं. ते आमच्याकडे जेवायला येत नाहीत. ते आमचं डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी न्यायला येतात.

रोज सकाळी सातच्या सुमाराला जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत सायकलची घंटी वाजते. सायकलच्या दोन्ही बाजूंना तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे टांगलेले असतात. मी दार उघडते, बादली पुढे करते. आता माणसानं बादली डब्यात ओतावी आणि पुढच्या दाराला जावं की नाही? पण नाही. मामा आधी वाकतात, नाक बादलीजवळ नेतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात.

"तुरीची डाळ. काल बी तुरीचीच व्हती, म्याडम."

"हो, मामा."

"परवा बी."

मी शाळेत शिकवते. साठ पोरं मी डोळे वटारले की खाली बसतात. आणि हा सत्तरीचा काटकुळा माणूस माझ्याच उंबऱ्यावर मला डाळीचा जाब विचारतो. सुरुवातीला तर अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यांचे नियमही आहेत. पाण्यात साबण नको, मीठ नको, तेल नको. एकदा माझ्याकडून भांड्याच्या साबणाचे चार थेंब बादलीत पडले, तर त्यांनी ती बादली परत माझ्या हातात दिली. "यानं फरशी पुसा," म्हणाले, "त्याचं अजून एक काम बाकी हाये."

हे त्यांचं पालुपद. मामांच्या लेखी या जगात कुठलीच वस्तू संपलेली नाही, तिचं एक काम बाकी आहे. दात घासायचा ब्रश झिजला की त्यानं गॅसची शेगडी घासायची. संत्र्याची सालं वाळवून कपड्यांच्या कपाटात ठेवायची. नारळाच्या शेंड्यांनी भांडी घासायची. नोकरीतली त्यांची खाकी पँट फाटली, तेव्हा तिच्या दोन पायांच्या दोन पिशव्या झाल्या. एकीत भाजी येते, दुसरीत किराणा. बाजारात ते दोन्ही हातांत आपलेच दोन पाय घेऊन हिंडतात आणि दुकानदारानं प्लास्टिकची पिशवी पुढे केली की ती परत देताना "बिलकुल नको" असं पार दुकानाबाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगतात.

नोकरी त्यांची पाणीपुरवठ्यात होती. गावातले वॉल्व्ह सोडायचं काम. म्हणजे लांब दांड्याची ती लोखंडी चावी घेऊन रस्त्यातल्या खड्ड्यात उभं राहायचं आणि या गल्लीचं पाणी बंद करून त्या गल्लीला सोडायचं. त्या काळी मामांना लोक चहा पाजायचे, लग्नाची पहिली पत्रिका द्यायचे. आता तेच लोक मामा आले की बादली दाराआड सरकवतात.

त्यांचा खरा सोहळा नळाच्या दिवशी असतो. आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. "नळ आले" अशी आरोळी उठली की घरोघरच्या बाया पहिलं काम काय करतात, तर साठवलेलं जुनं पाणी गटारात ओततात. का? तर ते शिळं झालं. ज्या पाण्यासाठी आठ दिवस जीव टांगणीला, ते नवं पाणी दिसताच रस्त्यावर. मीही हेच करायची. आईनं केलं, मी केलं, कधी विचार केला नाही. मामा त्या दिवशी गल्लीत असे धावतात की तिरडीवरचा माणूसही उठून बघेल, असं माझे यजमान म्हणतात. यजमानांचे विनोद असेच असतात.

"थांबा, थांबा, सांडू नका!" डबे आदळत मामा येतात. "शिळं म्हनं! धरनात वर्षभर पडून व्हतं तवा शिळं झालं न्हाई, आन तुमच्या घागरीत आठ दिसात झालं?"

याला आजवर गल्लीत कुणालाही उत्तर देता आलेलं नाही. मलाही नाही, आणि मी विज्ञान शिकवते.

इतकं पाणी हा माणूस करतो काय, हे मी कधी विचारलं नव्हतं. असतील घरी चार झाडं, एवढंच मनात यायचं. आम्हाला या गल्लीत येऊन दोन वर्षं झाली होती, मामा एकटे राहतात हे माहीत होतं, बाकी चौकशी करायला वेळ कुणाला होता?

मग यंदाच्या उन्हाळ्याच्या तोंडावर माझ्या सासूबाई आल्या आणि भांडण झालं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या अंबडकडच्या खेड्यात राहतात. शहरात माणसांचे गुडघे दुखतात ते ज्वारीची भाकरी सोडल्यामुळे, यावर त्यांची श्रद्धा आहे. आल्या दिवशीच त्यांनी मला विचारलं, "भाकरी करती न्हवं रोज?" मी परतूरची, शेतकऱ्याघरची लेक. पण खरं सांगते, भाकरी मला कधीच जमली नाही. थापताना फाटते, उचलताना मोडते. तरी मी तोंड भरून सांगितलं, "रोज, आत्याबाई. भाकरीशिवाय यांचं पोटच भरत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई दारातच चहा घेत बसल्या होत्या. घंटी वाजली. मामा वाकले, बादलीचा वास घेतला. आत्याबाईंनी कौतुकानं सांगितलं, "बघा भाऊ, आमची सून नोकरी करून रोज भाकरी करती."

मामा सरळ झाले.

"भाकरी? ह्या घरात?"

मी मामांना डोळ्यांनी खुणावत होते. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते, बादलीकडे बघत होते.

"बाई, भाकरीचं पानी मी बराबर ओळखतो. परात धुतलेलं पानी पांढुरकं असतं, त्याला ज्वारीचा वास येतो. ह्या घरातून ते एकदाबी आलेलं न्हाई."

"मंग काय येतं?" आत्याबाईंनी कप खाली ठेवला.

"ते लांब लांब शेवया असत्यात न्हाई का, लेकरं खात्यात, त्या उकडल्याचं. पिवळं, चिकट. हप्त्यातून तीनदा."

आमच्या यजमानांना त्याच क्षणी आपली चप्पल कुठे गेली ते शोधायचं सुचलं. आत्याबाई माझ्याशी दिवसभर बोलल्या नाहीत. पुढचे चार दिवस त्यांनी मला समोर बसवून भाकरी थापायला लावली आणि प्रत्येक फाटलेली भाकरी शेजारच्या बाईला बोलावून दाखवली.

त्या गावी गेल्या त्या दिवशी मी मामांना दारातच गाठलं. "उद्यापासून आमच्याकडे येऊ नका. आमच्या घरचं पाणी आमच्या मोरीत जाईल. घराघरांत काय शिजतं ते हुंगत फिरायचा धंदा कुणी सांगितलाय तुम्हाला?"

रिकामी बादली त्यांनी उंबऱ्यावर हळूच टेकवली. "त्याचं एक काम बाकी व्हतं," एवढंच म्हणाले आणि गेले.

त्यानंतर रोज सकाळी मी डाळीचं पाणी मुद्दाम मोरीत ओतायची. पहिले दोन दिवस ते गडगडत जाताना ऐकून फार बरं वाटलं. मामा गल्लीत येतच होते. पण आमच्या दारावरून जाताना ते घंटीवर पंजा ठेवून ती दाबून धरत, वाजू देत नसत. हे मी खिडकीतून पाहत होते आणि पाहूनही दार उघडत नव्हते. रागाला आले की मी अशी आहे.

आणि मग नळच यायचे थांबले. आठ दिवस गेले, पंधरा गेले, तीन आठवडे झाले. कुठे पाइप फुटला म्हणे. टँकरच्या दोन बादल्यांत घर चालवायचं म्हटल्यावर मामांनी इतकी वर्षं शिकवलेला धडा गल्ली एका दिवसात शिकली. तांदळाच्या पाण्यानं लोक भांडी विसळू लागले, भांड्याच्या पाण्यानं फरशी, फरशीचं पाणी संडासात. मामांना द्यायला कुणाकडे थेंब उरला नाही. त्यांचे डबे जाताना खडखडत तसेच येतानाही खडखडायचे.

एका रविवारी सकाळी कपाट आवरताना मला त्यांची पिशवी सापडली. खाकी, पँटच्या डाव्या पायाची. त्यात त्यांनी मागे मला रिठे आणून दिले होते, केस धुवायला. पिशवी परत करून टाकावी आणि संबंधही मिटवून टाकावा, म्हणून मी गल्लीच्या टोकाला त्यांच्या घरी गेले.

दोन खोल्या, पुढे अंगण. अंगणात चार झाडं नव्हती, एकच होतं. मोसंबीचं. पानं मुडपून सुरळी झाली होती. सुपारीएवढी हिरवी फळं खाली गळून पडली होती. एका झुकलेल्या फांदीला टेकू म्हणून जमिनीत काहीतरी रोवलं होतं. बघते तर ती वॉल्व्हची लोखंडी चावी. मामा बुंध्याशी उकिडवे बसून तांब्यानं थोडं थोडं पाणी घालत होते. तांब्यात तळाशी डाळीच्या दोन पाकळ्या दिसत होत्या.

ओसरीवर मात्र भरलेला ड्रम होता, वर ओलं फडकं. मला राहवलं नाही. "मामा, ड्रम भरलेला आहे की! घाला ना त्यातलं दोन बादल्या. झाड चाललं तुमचं."

"ते ताजं हाये, म्याडम. प्यायचं." ते वळले नाहीत. "तिनं ह्याला कधी ताजं पानी पाजलं न्हाई. म्हनायची, मानसाच्या तोंडचं काढून झाडाला घालू नये. आपलं झाल्यावर त्यानं प्यावं."

ती म्हणजे गयामामी, त्यांची बायको. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आम्ही या गल्लीत आलो त्याच्या वर्षभर आधी त्या गेल्या. मोसंबीचं कलम त्यांनी माहेरच्या मळ्यातून आणलं होतं.

"मी पान्याच्या खात्यातला मानूस," मामा सांगू लागले. "चावी माझ्या हातात. सायकल धुवायला बी मी नळ सोडून बसायचो. ती मागून बादली घेऊन यायची, सायकलीखालचं पानी गोळा करायची. म्हनायची, 'त्याचं अजून एक काम बाकी हाये.' मी हसायचो. लोकायला बोलावून दाखवायचो, बघा आमच्या घरचा कंजूषपना. तीस वर्षं हसलो, म्याडम. ती एकदाबी चिडली न्हाई."

म्हणजे ते पालुपद मामांचं नव्हतंच. ते दारोदार जाऊन तिचं वाक्य म्हणत होते.

"दोघांच्या पान्यावर वाढलंय हे," त्यांनी तांब्या पालथा करून शेवटचा थेंब झटकला. "दोघांचे तांदूळ, दोघांची डाळ, दोघांच्या आंघोळी. ती डाळीच्या पिठानं आंघोळ करायची, साबन न्हाई. आता एकट्याचं पुरत न्हाई ह्याला. दोनदा आंघोळ करून पाह्यली मी. पन ते तर ताजं पानी वाया घालवनं झालं. तिला लगेच कळलं असतं."

मला हसू आलं आणि तेवढ्याच जोरात रडूही आलं. आम्ही दोघं आणि दोन लेकरं, चौघांचं घर. चार माणसांचं पाणी मी नळ थांबेपर्यंत रोज नुसत्या हट्टापायी मोरीत ओतलं होतं, आणि इथे हा माणूस एकट्याच्या वाटीभर डाळीचं पाणी मोजून मोजून झाडाला पाजत होता. मला माझी लाज वाटली. पिशवी तिथेच ठेवून मी घरी आले.

झाड वाचलं, हे आताच सांगून टाकते. मास्तरीण असल्यामुळे उत्तर लपवून ठेवणं मला जमत नाही. पण त्याच्या आधीची ती सोमवारची सकाळ सांगायची राहिली आहे.

त्या दिवशी मी पाचला उठले. सात वाजता मामा नेहमीसारखे घंटीवर पंजा दाबून आमच्या दारावरून निघाले होते. "मामा," मी हाक मारली. ते थांबले. मी बादली पुढे केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बादलीकडे. वाकले. नाक जवळ नेलं. डोळे मिटले आणि या वेळी बराच वेळ उघडले नाहीत.

"भाकरीचं हाये," ते म्हणाले.

"हो."

"फाटल्या का?"

"सगळ्या."

"फाटू दे, माय. पानी बराबर आलंय."

त्यांनी बादली डब्यात ओतली, तळाशी राहिलेलं पीठही दोन बोटांनी निपटून घेतलं, आणि घंटी मोकळी सोडून वाजवत वाजवत घराकडे गेले.