बोरटोल्याच्या कोंबड्यांचा अधिकृत खोकला

रोग कोणताही असो, कागदावर आल्याशिवाय तो अंगात आला असं धरता येत नाही. भंडारा जिल्ह्यात हा नियम कोंबड्यांनाही लागू आहे. त्यामुळे मोहाडी तालुक्यातल्या बोरटोल्याला शकुनबाईच्या अकरा कोंबड्या नाक गाळत, डोळे सुजवत घरघरू लागल्या, हा त्यांचा निव्वळ उतावीळपणा होता. (एकीनेही अर्ज केलेला नव्हता.)

शकुनबाईचा जीव चितरीत अडकलेला. ठिपक्यांची ही कोंबडी तिने हाताने दाणे भरवून वाढवली होती. तिने पशुदवाखाना गाठला.

"औषध द्या नं जी. माही चितरी खोकलून राहिली."

पर्यवेक्षक भैय्यालालजी समजुतीने म्हणाले, "बाई, मायकोप्लाझ्मा निघाला तं एक औषध, दुसरा जंतू निघाला तं दुसरं. नमुना पाहिल्याबिगर कसं देऊ? पथक येते."

शास्त्र बिनचूक होतं. पथकही आलं: तीन माणसं, बर्फाचा एक डबा, सहा फॉर्म. फक्त वेळ जेवणाची होती, आणि पाहुण्याला उपाशी धाडायची रीत बोरटोल्यात नाही. घरात कापण्याजोगं जे होतं, तेच तपासण्याजोगं होतं. नमुना लाल रश्श्यात शिजला. अहवाल गेला: 'नमुना अपुरा. फेरभेट आवश्यक.'

फेरभेटी तीन झाल्या. (शेवटच्या वेळी पथक पाच जणांचं होतं, रोगाचं गांभीर्य वाढलं होतं.) जंतूला महिनाभरात एक कोंबडी मारता आली नाही, पथकाने चार संपवल्या. हा वेग पाहून शकुनबाईने सहा कोंबड्या मोहाडीच्या बाजारात विकून टाकल्या. मग चितरी सोडून नमुनाच उरला नाही, आणि तिला शकुनबाई हात लावू देईना, म्हणून औषध अंदाजाने मंजूर झालं. चितरी चार दिवसांत ठणठणीत झाली.

यश पाहायला भैय्यालालजी जातीने आले. अर्थात जेवणाच्या वेळेला.

"चितरी कुठी हाये?"

"गेली जी," शकुनबाई म्हणाली, आणि पालथ्या टोपलीवर घट्ट बसली. त्या दिवशी साहेबांना वांग्याची भाजी मिळाली.

अंतिम अहवालात लिहिलंय: 'रोगाने मृत्यू: शून्य.' हे अक्षरशः खरं आहे, आणि आम्हाला त्याचा अभिमान वाटतो.

बाजारातल्या त्या सहा कोणी नेल्या, याची नोंद नाही. पण "गावरानच आहे ना?" एवढंच विचारून तुम्ही जी पिशवीत घातलीत, ती एस.टी.त दोनदा शिंकली होती. तेव्हा तुम्ही शेजारच्या म्हातारीकडे रागाने पाहिलंत आणि खिडकी उघडलीत.