खंडेनवमीची क्लॅरिनेट

बारा वर्षं मी क्लॅरिनेट वाजवतोय आणि बारा वर्षं माझ्या चुकांचं खापर त्या सेकंडहँड वाद्यावर फोडतोय. गेल्या दसऱ्याला कोलकात्याच्या आमच्या मराठी मंडळात ते ऐन नांदीत असं किंचाळलं, की पुढच्या रांगेतलं बाळ रडायला लागलं (त्याची आई बाळाकडे नाही, माझ्याकडे बघत होती). यंदाही तसंच झालं असतं तर मंडळाने माझ्या हाती टाळ दिले असते. म्हणून ठरवलं, आता प्रोफेशनल क्लॅरिनेटच घ्यायची.

माझी जुनी क्लॅरिनेट नेहमी दुरुस्त करणारे दत्तबाबू दुर्गापूजेसाठी दुकान बंद करता करता दोन नव्या क्लॅरिनेट माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "दोनों ले जाइए दादा. बजाके देखिए, पूजा के बाद बोलिएगा."

दोन दिवस पाहुण्यांना बेहाला भागातले मंडप दाखवण्यात गेले. नवमीला सकाळी निवांत निवड करावी म्हणून उठलो, तर दोन्ही नव्या आणि माझी जुनी, तिघी देवापुढे पाटावर. हळदकुंकू, झेंडूची फुलं, सगळं साग्रसंगीत. जुनीच्या चाव्या माझ्या बायकोने, शकुनने, भांड्यांच्या पावडरीने घासल्या होत्या.

"आज खंडेनवमी. पूजलेल्याला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

"अगं, उद्या कार्यक्रम आहे."

"सुरीसुद्धा पाटावर आहे. मी भेंडी हाताने मोडतेय. तुमचंच काय अडलंय?"

मी उरलेली भेंडी मोडायला बसलो.

दसऱ्याला सकाळी शकुनने तिन्ही क्लॅरिनेट पुसून पेट्यांत ठेवून दिल्या. मी एकेक वाजवली. पहिल्या नव्या पेटीतली ठीक. जुन्या पेटीतली नेहमीसारखी किंचाळली. तिला मी पोटभर शिव्या दिल्या. दुसऱ्या नव्या पेटीतली मात्र काय सांगू! सूर असा मऊ निघाला, की माझेच डोळे भरून आले.

"बघ, याला म्हणतात प्रोफेशनल," मी म्हणालो. शकुन पदराला हात पुसत ऐकत उभी राहिली. ती एरवी स्वयंपाकघराचं दार लावून घेते.

संध्याकाळी मंडळात एकही चूक झाली नाही. ते बाळ झोपलं. अध्यक्ष अरुणरावांनी स्वतः उठून माझ्या हाती सोनं दिलं. मला खरंच फार बरं वाटलं.

कोजागरीच्या लक्ष्मीपूजेनंतर शकुनला आणि तिन्ही पेट्या घेऊन दुकानात गेलो. दुसरी नवी पेटी ऐटीत काउंटरवर ठेवली. "ही घेतो. असा सूर त्या जुन्या लाकडातून सात जन्मांत निघाला नसता."

दत्तबाबूंनी पेटी उघडली, चष्मा वर केला. "दादा, ये तो आपका पुराना वाला है. ये कॉर्क मैंने लगाया था." मग त्यांनी जुनी पेटी उघडली. मी शिव्या दिलेली, सगळ्यात महागडी क्लॅरिनेट आत निजली होती.

"अगंबाई, पुसून ठेवताना पेट्या बदलल्या वाटतं," शकुन म्हणाली.

म्हणजे किंचाळत होतो तो मी.

"तो फिर," दत्तबाबूंनी हळूच विचारलं, "कौन सा दूँ?"

मी शकुनकडे पाहिलं. तिने माझ्या दंडावर हात ठेवला आणि दत्तबाबूंना म्हणाली, "इनको सिर्फ पेटी दे दीजिए."