मसलत चार वर्षांची, अर्थात जुन्या कॉम्प्युटरास नवे कार्ड बसविल्याची हकीकत

आज्ञा जाहली की, चष्म्याच्या दुकानाचे धनी राजमान्य राजश्री दादासाहेब यांनी खेळाकरिता आपला नऊ वर्षांचा कॉम्प्युटर कधी नवा करावा, या एका मसलतीत चार वर्षे कैसी घालविली आणि अखेर यश कैसे आले, ते वर्तमान खरेखुरे लिहून ठेवावे, जेणेकरून पुढे प्रिंटर बदलण्याची वेळ येईल तेव्हा घरात पुन्हा ऐसा प्रसंग गुदरू नये. आज्ञा घरच्या बाईसाहेबांची. बाईसाहेब शाळेत गणित शिकवितात, आणि त्यांचे आज्ञेस 'बघू' म्हणून सुखरूप सुटलेला इसम आजवर कोणी पाहिला नाही. सबब सेवकाने तात्काळ लेखणी उचलिली.

तर मधल्या खोलीत खिडकीखाली, इस्त्रीच्या टेबलाशेजारी, सदरहू यंत्राचे ठाणे होते. ऐन उमेदीत त्याने मोठमोठ्या मोहिमा मारिल्या, परंतु आता त्यास जागे करिताच पंखा ऐसा घोंघावे की स्वयंपाकघरातून बाईसाहेब विचारीत, मिक्सर कोणी लावला? आणि पडद्यावर चित्र उमटेतो दादासाहेब दाढी करून येत, आणि तरीही न उमटल्यास परत जाऊन मिशी नीट करीत.

दादासाहेबांच्या धाकट्या भगिनी, ज्यांस घरात नुसते 'धाकटी' म्हणतात, त्या दूरच्या शहरी रुग्णवाहिका चालवितात. आईवडील निवर्तल्यापासून बंधूभगिनींचा रिवाज ऐसा की, दर रविवारी सकाळी दहाचे सुमारास दोघांनी आपापल्या घरी हेडफोन चढवून मोटारशर्यतीचा खेळ मांडावा, आणि गाड्या हाकता हाकता आठवड्याभराचे बोलून घ्यावे. एरवी फोन केला तर 'बाकी काय' आणि 'बाकी काही नाही' याउपर उभयतांची मजल जात नसे. समोर धावता रस्ता असला म्हणजे मात्र शब्द आपोआप सुचत.

पुढे त्या खेळाची नवी आवृत्ती निघाली, आणि जुन्या मैदानातील गडी एकेक करून नव्या मुलुखात गेले, आणि धाकटीही गेल्या, आणि मग दादासाहेबही पाठोपाठ निघाले. परंतु यंत्र मागे राहिले. वळण आले की चित्र गोठे. दादासाहेबांचे नजरेस रस्ता सरळ दिसे आणि गाडी केव्हाच पुलाच्या कठड्यावर चढलेली असे. रविवारची बोलणी खुंटली. कानी पडे ते एवढेच:

"अडकलं गं."

"कुठे अडकलं?"

"आता सुटलं बघ."

"अरे, मी पोचलेसुद्धा."

यावर उपाय नवे यंत्र, हे शेंबडे पोरही सांगते. खजिन्याची अडचण मुळीच नव्हती. ती तजवीज बाईसाहेबांनी पहिलेच वर्षी करून ठेविली होती. अडचण होती ती 'कधी' या दोन अक्षरांची. पहिले वर्षी खबर आली की नव्या वाणाचे ग्राफिक्स कार्ड निघते आहे, सबब थांबावे. ते निघाले, तो त्याहून सरस निघणार ऐसी हूल उठली, मग त्याकरिता थांबले. मग ध्यानी आले की प्रोसेसर बदलल्यावाचून कार्डास शोभा नाही, आणि प्रोसेसर बदलावा तर मदरबोर्ड बदलणे प्राप्त, आणि मदरबोर्ड बदलिला तर जुनी मेमरी त्यावर चालेना. आणि या हिशेबाच्या याद्या करण्यात, त्या फाडण्यात आणि पुन्हा करण्यात तिसरे वर्ष गेले. चौथे वर्षी दादासाहेब म्हणू लागले की, इतके थांबलो, आता घाई करण्यात काय मौज आहे?

मधल्या काळात किरकोळ चकमकी जाहल्या. यंत्रावरील भार हलका व्हावा म्हणून खेळातील सावल्या काढिल्या, मग झाडे काढिली, मग पाऊस काढिला, मग रस्त्याकडेचे प्रेक्षक काढिले. इतका मुलूख सोडिला तरी चित्र अडके ते अडकेच. एकदा डब्याचा पत्रा उघडून समोर टेबलफॅन लाविला, तेव्हा नऊ वर्षांची धूळ एकाच झपाट्यात उसळून बाईसाहेबांच्या तपासलेल्या पेपरांवर बसली, आणि त्या दिवशी दादासाहेबांस दुकान उघडण्याची एरवीपेक्षा फार घाई जाहली.

ऐशात एका सोमवारी धाकटीचा निर्वाणीचा खलिता मोबाइलवर येऊन थडकला. त्यातील मजकूर येणेप्रमाणे: "दादा, महिन्याच्या शेवटच्या रविवारी जोडीची शर्यत आहे. मी आपल्या दोघांसाठी जागा अडवून ठेवलीय. बुधवारपर्यंत सांग, नाहीतर आमच्या कंपाउंडरला घेते. आणि खरं सांगू का, हल्ली तुझ्याशी बोलणंच होत नाही रे. नुसतं अडकणं ऐकते मी."

दादासाहेबांनी चष्मा काढिला, पुसला, पुन्हा चढविला आणि पुन्हा वाचिले, मजकूर तोच. कंपाउंडर या जमातीशी त्यांचे आजवर काही वैर नव्हते. ते त्या क्षणी पडले. तरी जबाब न देता त्यांनी कागद ओढिला आणि नवी यादी आरंभिली.

मंगळवारी बाईसाहेब चष्म्याची काडी घट्ट करून घेण्यास दुकानी गेल्या. तेथे एक वृद्ध बाई काऊंटरापाशी बसून, काचा आत्ताच बदलू की आणखी वर्षभर चालवू, ऐसे विचारीत होत्या. खासा दादासाहेबांनी मोठ्या अधिकारवाणीने फर्माविले:

"मावशी, अजून थोडं दिसतंय म्हणून ओढू नका. नवीन काच काय, दर वर्षी निघतेच. तुम्हाला पेपर आज वाचायचाय ना? मग आज बदला."

मावशींनी मान डोलाविली. दादासाहेबांनी समाधानाने वर पाहिले, तो दारात बाईसाहेब उभ्या. गणिताच्या बाई गप्प राहतात तेव्हा फळ्यावर काहीतरी मोठे चुकलेले असते, हे जाणून दादासाहेबांनी त्यांच्या चष्म्याची काडी नको तितकी घट्ट केली.

संध्याकाळी चहाचे वेळी दरबार भरला. बाईसाहेबांनी यादी मागितली, वाचिली आणि पालथी ठेविली.

"पुढच्या वर्षी तुम्हाला कुठला खेळ खेळायचाय?"

"ते आत्ता कसं सांगता येईल?"

"आणि या महिन्यात?"

"धाकटीबरोबरचा."

"तो या डब्यावर चालतो?"

"नाही."

"मग 'कधी' हा प्रश्न राहिलाच कुठे, अहो?"

दादासाहेब चहावर धरलेली साय चमच्याने एका कडेस नेत राहिले, आणि मग चार वर्षांच्या याद्यांत जी बाब कोठेही नमूद नव्हती ती त्यांच्या तोंडून निघाली.

"हरलो की आत्तापर्यंत कॉम्प्युटरवर ढकलता येत होतं. नवीन आणला आणि तरी हरलो तर?"

हे ऐकून बाईसाहेब हसतील ऐसे त्यांस भय होते. त्या हसल्या नाहीत.

"तर हराल. ती दिवसभर गर्दीतून गाडी काढते, तुम्ही दिवसभर स्टुलावर बसता. हरणारच की! पण तिला काय तुम्ही जिंकायला हवे आहात?"

यावर दादासाहेबांनी मोबाइल उचलिला आणि धाकटीस एका शब्दाचा जबाब रवाना केला: "येतो." मुदतीस अजून एक दिवस बाकी होता. चार वर्षांत कोणतीही गोष्ट मुदतीआधी होण्याचा हा पहिलाच प्रसंग.

दुसरे दिवशी कोपऱ्यावरचे कॉम्प्युटर दुरुस्तीवाले, ज्यांस अवघी गल्ली 'डॉक्टर' म्हणते, त्यांस पाचारण जाहले. डॉक्टरांनी डबा उघडिला, आत बॅटरी मारिली, दोन वेळा शिंकले, आणि निवाडा दिला की प्रोसेसर अजून दमाचा आहे, मदरबोर्डास हात लावण्याचे प्रयोजन नाही. कार्ड नवे घ्यावे, त्यास पेलेल ऐसा पॉवर सप्लाय घ्यावा, मेमरी थोडी वाढवावी, आणि बाकीचे जेव्हा अडेल तेव्हा पाहावे. याद्यांचा गठ्ठा पुढे केला असता त्यांनी त्यावर पेचकस पुसला.

सामान शनिवारी दुपारी दाखल जाहले. डॉक्टर अन्यत्र गुंतले होते, सबब दादासाहेबांनी खासा मोर्चा हाती घेतिला. पहिलाच अडसर ऐसा की नवे कार्ड डब्याहून दोन बोटे लांब. मग आतील, डिस्क ठेवण्याचा रिकामा सांगाडा सोडविला, आणि तो सोडविताना एक स्क्रू निसटून मदरबोर्डाखाली दडला, आणि तो डबा उलटा करून हलविल्यावर शरण आला. मग कार्ड खाचेत बसले, कट् ऐसा आवाज जाहला, दादासाहेबांच्या काळजातही तैसाच जाहला. आणि बटण दाबिले. पंखे फिरले, दिवे लागले, आणि पडदा काळा तो काळाच.

दादासाहेब मटकन इस्त्रीच्या टेबलावर बसले. आपण उतावीळपणा केला, आणखी एक वर्ष थांबणे इष्ट होते, ऐसे उद्गार निघाले. बाईसाहेबांनी वाद न घालता डॉक्टरांस फोन लाविला.

"पडद्याची केबल कुठल्या भोकात घातलीय?" डॉक्टरांनी विचारिले. "जुन्याच? वरच्या? अहो, खाली नव्या कार्डात घाला ना!"

केबल खाली गेली आणि पडद्यावर उजेड पडला. मग खेळ उघडिला आणि गमाविलेला मुलूख एकेक करून परत घेतिला: सावल्या आल्या, झाडे आली, पाऊस आला, आणि रस्त्याच्या दुतर्फा छत्र्या घेऊन माणसे उभी राहिली. दादासाहेबांनी गाडी थांबवून ती माणसे पाहिली. बाईसाहेबही मागे उभ्या राहून पाहत होत्या, आणि छत्र्या छान आहेत, ऐसे म्हणाल्या.

पुढील रविवारी सरावाची शर्यत जाहली. चित्र एकदाही अडकले नाही, आणि दादासाहेब तीन सेकंदांनी हरले.

"दादा," धाकटी म्हणाल्या, "आज खरा हरलास."

"हो ना," दादासाहेब म्हणाले, आणि दुसरा डाव मांडला.

मग जोडीच्या शर्यतीचा दिवस उगवला. फेरी निम्मी होईतो बंधूभगिनी मध्यावर टिकून होती. तेव्हा धाकटी सांगू लागल्या की, गेल्या आठवड्यात एका गरोदर बाईस घेऊन जात असता नवऱ्यास भोवळ आली, आणि इस्पितळाच्या दारात स्ट्रेचरवरून उतरला तो नवरा, आणि ती बाई कंबरेवर हात ठेवून मागून चालत आली, आणि नर्सला म्हणते, "आधी ह्यांना बघा, मला अजून वेळ आहे." दादासाहेब इतके हसले की डोळ्यांस पाणी आले, आणि वळण नजरेसमोर लख्ख दिसत असता गाडी थेट तळ्यात गेली.

"दादा! अडकलं का?"

"नाही गं. मीच गेलो. बाईला काय झालं पुढे?"

"जुळं झालं," धाकटी म्हणाल्या, आणि आपली गाडी वळवून माघारी आल्या.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. जोडीचा नंबर शेवटून दुसरा. यंत्राकडे कोणताही कसूर नाही. बाकीच्या गाड्या निशाणापार गेल्या, प्रेक्षक पांगले, पाऊस थांबला, तरी दोन गाड्या तळ्याकाठी उभ्या होत्या आणि उभयतांची बोलणी चालली होती, हे सेवकाने समक्ष पाहिले, आणि जैसे पाहिले तैसे लिहून ठेविले.