म्हसोबाचा गेटपास

"बैलगाडी हाकली, ट्रॅक्टर हाकला, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या एकदम ओढल्या. बोट म्हणजे काय, तिसरी ट्रॉलीच," असं सर्जेराव महिनाभर खराडीत सांगत फिरत होते. ऐकणारे मान डोलवत होते, कारण मान डोलवली नाही तर सर्जेराव पुन्हा पहिल्यापासून सांगतात.

बोट मात्र खरी होती. सोळा फुटी, पांढरी, दोन माणसं वाकून बसतील एवढी केबिन असलेली, चाकांच्या ट्रेलरवर चढवलेली. आयटी पार्कातला कुणी परदेशी साहेब मायदेशी जाताना विकून गेला होता. गावाला वाटलं, जमिनीचा पैसा डोक्यात गेला. तसा तो गेला होताच, पण बोटीचं कारण वेगळं होतं. सत्यशीलाबाई नवऱ्याशी बोलत नव्हत्या. म्हणजे जेवायला वाढत होत्या, मीठ कमी आहे का हेही विचारत होत्या, पण बोलणं म्हणाल तर नाही. सर्जेरावांनी चार एकर रान कंपनीला विकलं ते घरात एका शब्दानं न विचारता. बाईंना कळलं ते कुंपणाचे खड्डे खणले तेव्हा. त्याला दोन वर्षं झाली होती.

बाईंचं माहेर उजनी धरणाच्या पोटात. लग्नानंतर चार वर्षांनी गाव पाण्याखाली गेलं, माणसं पांगली, आणि 'दिवाळीला जाऊन येते' हे वाक्य त्यांच्या तोंडून कायमचं गेलं. सर्जेरावांनी मनाशी ठरवलं, हिला माहेरी न्यायचं. रस्ता नसेल तर पाण्यावरून न्यायचं. एवढं करूनही बोलली नाही, तर मग आपलं नशीब.

विश्रांतवाडीचे संभाजीराव लष्करातून निवृत्त झालेले, उभी हयात गाडीमागं होड्या ओढण्यात गेलेली. आदल्या दिवशी दुपारी येऊन त्यांनी सर्जेरावांच्या नव्या एसयूव्हीचा हुक तपासला, दोन साखळ्या हुकाखालून फुली मारून अडकवल्या, ट्रेलरच्या चाकांचे नट आवळले, मागचे दिवे लावून पाहिले. मग म्हणाले, "वजन नेहमी चाकांच्या पुढं ठेवायचं. मागं वजन गेलं की ट्रेलरच्या अंगात येतं, डावं-उजवं घुमायला लागतो. आलंच, तर ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग फिरवायचं नाही. पाय उचलायचा, हात सरळ धरायचे आणि वाट बघायची. निघताना पुन्हा एकदा सगळं बघून घ्या." सर्जेरावांनी हो म्हटलं. एकदा बघितलेलं पुन्हा बघायला ते काय कारकून होते?

सकाळी निघाले तेव्हा जानेवारीचं धुकं असं दाटलं होतं की बॉनेटवरचा हारसुद्धा दिसेना. सत्यशीलाबाई मांडीवर ओटीचं सामान घेऊन मागच्या सीटवर बसल्या. चौकात कंपनीच्या बसची वाट बघत चार पोरं उभी होती. त्यांच्यासमोरून आधी दोन अंधुक दिवे गेले, आणि मग भर रस्त्यातून एक पांढरी होडी तरंगत निघून गेली. पोरं एकमेकांकडं बघायलाही तयार नव्हती. एकानं तर तिथूनच रजा टाकली.

मुंढव्याच्या पुलाकडं वळताना सर्जेरावांना मागून घंटी ऐकू आली. बारीक, किणकिण. मागं बैलगाडी असेल, असं ते मोठ्यानं म्हणाले. खराडीतला शेवटचा बैल विकून दहा वर्षं झाली होती, आणि तोही सर्जेरावांनीच विकला होता. हे आठवल्यावर त्यांनी काच वर केली. घंटी वाजतच राहिली.

पुलावर गाडीला मागून कुणीतरी अलगद डावीकडं ओढलं. मग उजवीकडं. खाली नदी होती, पण ती दिसत नव्हती, नुसता वास येत होता. ओढ वाढत चालली. तेवढ्यात मागच्या सीटवरून पुटपुटणं कानावर आलं, "दमानं घे रे बाबा, जरा दमानं." सर्जेरावांना एवढ्या भीतीतही बरं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच ही काळजीनं बोलली. मग लक्षात आलं की बायको आपल्याला कधी अरे-तुरे करत नाही.

ती कुणाशी बोलतेय, हे विचारायच्या आत बोट पार तिरकी झाली आणि उजव्या आरशात तिची मागची बाजू आली. धुकं क्षणभर फाटलं. तिथं कुणीतरी बसलं होतं. शेंदरी तोंड, दोन पांढरे डोळे, पापणी न लववता थेट सर्जेरावांकडं बघणारे. ते डोळे सर्जेरावांनी ओळखले. लहानपणापासून त्यांच्यासमोर नारळ फोडला होता. बांधावरचा म्हसोबा. विकलेल्या चार एकरांचा.

सर्जेरावांची बोबडी वळली. पायातलं बळ गेलं आणि तो आपोआप उचलला गेला, हात स्टिअरिंगवर ओंडक्यासारखे ताठ झाले, आणि ते म्हसोबाचा धावा करत वाट बघत राहिले. म्हणजे संभाजीरावांनी सांगितलेलं सगळं त्यांनी तंतोतंत केलं. फक्त डोळे मिटायला संभाजीरावांनी सांगितलं नव्हतं. बोट दोनदा हेलपाटली, मग सरळ झाली, आणि पूल संपता संपता गाडी कडेला थांबली.

"मागं म्हसोबा बसलाय," सर्जेराव कसेबसे म्हणाले.

"ठाऊक हाय. मीच बसवलाय."

मग सगळं बाहेर आलं. कंपनीनं म्हसोबाला जनरेटरच्या मागं नेऊन ठेवलं होतं. दर अमावास्येला त्याच्यावर पाणी घालायचं तर बाईंना गेटवर पास काढावा लागे. कुणाला भेटायचंय या रकान्यात त्या म्हसोबाचं नाव लिहीत, आणि पलीकडचा माणूस एक्स्टेन्शन नंबर विचारी. शेवटी परभणीकडच्या उत्तरेश्वर नावाच्या वॉचमनला दया आली. त्यानं रीतसर गेटपास केला, 'दगड, नग एक, परत येणार नाही', आणि काल संध्याकाळी, संभाजीराव गेल्यावर, चौघांनी मिळून घंटीसकट देव बोटीत आणून ठेवला. उत्तरेश्वर पुढं ठेवू म्हणत होता. बाईंनी ऐकलं नाही. देव पाठीशी असावा म्हणतात, म्हणून पाठीशी ठेवला. वर जुनी साडी झाकली होती, ती पुलावर उडाली.

"न्हेऊन काय करणार त्याला?"

"माझ्या म्हायेरी पाण्यात सोडणार. तिथली जमीन तरी कुणी इकणार न्हाई."

हे सर्जेरावांना फार लागलं. ते खाली उतरले. मंडईकडं निघालेल्या भाजीवाल्यांना थांबवून त्यांनी म्हसोबाला गाडीत, आपल्या शेजारच्या सीटवर बसवलं आणि पट्टा लावला. तिथून पुढं चाळीसच्या वर काटा गेला नाही, बोटही गरिबासारखी मागून आली. इंदापूरपर्यंत सर्जेरावांनी एकदाही डावीकडं बघितलं नाही. डावीकडून येणाऱ्या गाड्यांनी आपापलं बघून घेतलं.

दुपारी मच्छीमारांनी बोट पाण्यात लोटून दिली, देवही आत ठेवून दिला. बाईंनी लांबच्या टेकडीच्या खुणेनं अंदाज घेत घेत वाट सांगितली आणि एका जागी इंजिन बंद करायला लावलं. आजूबाजूला वाऱ्याची झुळूक नाही, पाण्यावर सुरकुती नाही. "हितं आमचं अंगण," त्या म्हणाल्या, आणि ओटी पाण्यावर सोडली. खण-नारळ तिथल्या तिथं तरंगत राहिला, जसा कुणी खालून धरून ठेवलाय. सर्जेराव घाईनं देव पाण्यात लोटायला वाकले, तसा बाईंनी हात धरला.

"गाव बुडवताना मला कुणी इचारलं न्हाई. जमीन इकताना न्हाई. ह्याला तरी इचारू."

त्यांनी कौल लावला. दगडावर पाण्यानं दोन फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर देव पाण्यात, डावं पडलं तर घरी. अर्धा तास गेला, तास गेला. एकही फूल हलेना. खाली गाव, समोर ते पांढरे डोळे, आणि सर्जेरावांना बघायला तिसरी जागाच नव्हती.

"तुमी त्याची माफी मागितली का?" बाईंनी विचारलं.

सर्जेराव गुडघ्यावर बसले, हात जोडले. "चुकलं माझं. इचारायला पायजे हुतं," ते म्हणाले. बोलले म्हसोबाशी, पण बघत होते बायकोकडं. डावं फूल टपकन खाली पडलं.

त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. काटा आला हे खरं, पण हात जोडताना आपला गुडघा दगडाला लागला होता, हेही त्यांना ठाऊक होतं. सांगावं की गिळावं, या विचारात त्यांनी इंजिन सुरू केलं. सत्यशीलाबाई पदरानं डोळे टिपत पाण्याकडं बघत होत्या. काठ जवळ आल्यावर त्यांनी तोंड उघडलं.

"गुडघा लागला तुमचा. म्या बघितलं."

सर्जेरावांची मान खाली गेली.

"पण माफी खरी हुती, म्हणून चालवून घेतलं," त्या म्हणाल्या. "म्या न्हवं, त्यानं. माझं अजून ठरायचंय."