न गळणारा कॅन

बन्सीकाका कॅन विकत घ्यायला जाताना स्वतःची पाण्याची बाटली आणि एक जुना पेपर घेऊन जातात. मांजरसुंब्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या मधोमध पेपर अंथरतात, नव्या कॅनमध्ये पाणी भरतात आणि उकिडवे बसून तो हळूहळू तिरका करतात. पेपरवर एक ठिपका पडला की उठतात. "टिपूस हाय. ठिव माघारी."

दुकानदार आप्पा आता त्यांना लांबून बघितलं की कॅन पोत्याखाली सारतात. एकदा वैतागून म्हणाले, "काका, लोक सोनं घेताना बी एवढं बघत न्हाईत."

"सोनं गळतं का बे?"

गाव हसतं. मी काकांच्या शेजारीच राहतो, म्हणून मला नीट हसता येत नाही. सुमनकाकीच्या छातीचा आजार जुना आहे. तिला ऑक्सिजनचं मशीन लागतं. आमच्या लिंबागणेशला लाइट गेली की काका परसातला जनरेटर लावतात आणि त्यात कॅननं पेट्रोल ओततात. थेंब हातावर सांडला तर वास त्यांच्याबरोबर खोलीत जातो, आणि काकीला अशी उबळ येते की बघवत नाही. मग काका राखेनं, साबणानं, लिंबाच्या सालीनं हात घासत बसतात.

उपाय त्यांनी कमी केले नाहीत. सायकलच्या ट्यूबचा वायसर कापून बुचात बसवला. पाण्यात पक्का ठरला, पेट्रोलमध्ये भज्यासारखा फुगला. एक कॅन उन्हात राहिला, तर बूच फिरवताच फवारा थेट मिशीवर. लांब तोटीचा एक आणला, पण त्याला हवा जायला भोकच नव्हतं. तो गुटुक गुटुक करत निम्मं पेट्रोल चपलेवर ओकला.

मी बीडला कॉलेजात आहे. आमच्या घरात एवढं शिकलेलं आधी कोणी नाही, त्यामुळे काकांचा माझ्यावर नको तेवढा विश्वास. "तू सायन्सवाला हाईस. तूच सांग, कंचा घेऊ?"

मला खरंच माहीत नव्हतं. तरी भीत भीत, बटण दाबलं तरच सोडणाऱ्या तोटीचा एक कॅन मोबाइलवरून मागवला. काकांनी पेपर अंथरला. ठिपका नाही. पुन्हा तिरका केला. नाही.

"ह्यो लई इमानदार हाय," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली. काकांनी पेट्रोल ओतलं. बाहेर एक थेंब नाही. जनरेटर सुरू झाला. तरी त्यांनी सवयीनं हात धुतले, धुतलेला सदरा घातला आणि जवळजवळ पळतच काकीच्या खाटेपाशी गेले. दोन्ही तळवे पुढे केले. "बघ बरं. येतो का वास?"

काकीनं खोकला दाबायचा प्रयत्न केला. दबला नाही. उबळ ओसरल्यावर म्हणाली, "थोडा येतोय. तुमच्या अंगालाच बसलाय आता. असू द्या."

काकांनी तळवे माझ्यापुढे धरले. मी वास घेतला.

त्यांनी प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवली.

"आत या की," काकी म्हणाली. "कावून बाहेर बसता?"

"हितंच बरं हाय. वारं लागतं."

काकी खाटेवरून काहीतरी सांगू लागली. जनरेटरच्या आवाजात तिचं बोलणं दारापर्यंत पोचत नव्हतं. काका तिच्या ओठांकडे बघत मान हलवत राहिले. "हा... हा... खरं हाय."